घरी मारलेल्या रंगाचं रबिंग: मशीन हातात घेण्याआधी लॅकरचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मनीषनगरच्या एका फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर वॉटर पेपर चालवून दाखवला. व्हिडिओत हात कसा फिरतो ते दिसतं, पण हिशोब दिसत नाही. आणि या कामात गाडी बिघडते ती हिशोब चुकल्यामुळे. म्हणून आज लिहून सांगतोय. हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांनी तीन-चार रविवार घालवून स्वतःची गाडी स्वतः रंगवली आणि आता तिच्यावर चमक हवी आहे. दुसरे, बेसा, सोमलवाडा, नरेंद्रनगर या आपल्या भागात घरोघरी जाऊन रबिंग-पॉलिशचं काम सुरू करू पाहणारी पोरं. दोघांचा प्रश्न एकच असतो: "बफिंग मशीन कोणतं घेऊ?"

मशीनचं नंतर बघू. आधी तुमच्या गाडीवर घासायला काही शिल्लक आहे का, ते बघू.

चमक येते कुठून

बऱ्याच जणांना वाटतं की पॉलिशच्या डब्यात चमक असते आणि ती आपण गाडीवर चोळतो. तसं नाही. पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो आणि आपल्याला त्यात ट्यूबलाइट सरळ दिसते. पृष्ठभाग खडबडीत असला की तोच प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, ट्यूबलाइट लाटेसारखी दिसते किंवा नुसता पांढरा धूसर पट्टा दिसतो. म्हणजे चमक हा सपाटपणाचा परिणाम आहे. पेपर सपाटी आणतो, कंपाउंड त्या पेपरचे ओरखडे काढतं आणि पॉलिश कंपाउंडचे ओरखडे काढतं. तिघंही एकच काम करतात, वरचं थोडं थोडं काढून टाकतात.

घरी मारलेल्या रंगावर सगळ्यात जास्त दिसतो तो ऑरेंज पील. नागपूरकरांना संत्र्याची साल कशी दिसते ते सांगायला नको. रंगाचे थेंब पत्र्यावर पडून एकमेकांत मिसळायच्या आधीच सुकायला लागले की अशी साल तयार होते. गन लांब धरली, हवा कमी पडली, थिनर फार लवकर उडणारं वापरलं किंवा पत्राच तापलेला असला, कारण काहीही असू शकतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. त्या वेळी पार्किंगमध्ये गन चालवली तर थेंबातलं अर्धं थिनर हवेतच उडतं. म्हणून उन्हाळ्यात ज्यांना रंग मारायचाच आहे त्यांनी सकाळी सहाला मारावा आणि हळू सुकणारं थिनर घ्यावं. साल जितकी कमी पडेल तितकं नंतर कमी घासावं लागेल, आणि कमी घासणं हीच या कामातली खरी बचत. (कूलरच्या झोतात रंग मारणारेही मी बघितलेत. पाण्याचे बारीक कण आणि वाळ्याचा कचरा दोन्ही रंगात बसतात. कूलर बंद करा, बाकी घाम पुसा.)

सालीशिवाय दोन दोष असतात. धुळीचे कण, कारण आपल्या भागात कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. आणि ओघळ, म्हणजे एकाच जागी जास्त लॅकर पडून खाली वाहिलेला थर. या तिन्हींना वेगवेगळी वागणूक द्यायची असते, ते पुढे येईल.

तुमच्याकडे भांडवल किती आहे

आपल्याकडे गॅरेजमध्ये क्लिअर कोटला सगळे लॅकर म्हणतात, मीही तेच म्हणतो. खाली प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. घासायचं ते फक्त लॅकरमध्ये. रंगापर्यंत पोचलात की खेळ संपला.

आता आकडे बघा. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर लॅकर साधारण ४० ते ६० मायक्रॉन असतं. माणसाचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमचं सगळं भांडवल एका केसापेक्षा कमी. घरी टू-के लॅकरचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या लॅकरचे, दोन भरगच्च थर दिले असतील तर सुकल्यावर साधारण ५० मायक्रॉन मिळतात. पण हे सगळीकडे सारखे नसतात. बॉनेटच्या मध्यभागी ५० असेल तर कडेला, दरवाज्याच्या लाइनवर, हँडलच्या खोलगट भागाच्या काठावर ३० सुद्धा नसेल. कारण ओलं लॅकर धारेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओसरतं. आणि घासताना हात सगळ्यात जास्त जोर देतो तोही नेमका धारेवरच.

स्प्रे कॅनने, म्हणजे वन-के लॅकरने काम केलं असेल तर चित्र आणखी नाजूक आहे. कॅनमधून येणारं लॅकर बरंच पातळ असतं, बहुतेक भाग थिनर आणि गॅस. तीन हात मारूनही टू-केच्या एका थराएवढी जाडी येईलच असं नाही. शिवाय ते फक्त थिनर उडून सुकतं, त्याच्यात हार्डनरसारखी रासायनिक पकड नसते. ते मऊ राहतं आणि मशीनच्या उष्णतेने लवकर ओढलं जातं.

आपल्या गाडीवर नेमकं काय मारलंय हे माहीत नसेल, किंवा ग्राहकाला सांगता येत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे पांढऱ्या फडक्याला थोडं एनसी थिनर लावून हलक्या हाताने चोळा. थर मऊ होऊन चिकटायला लागला, फडक्यावर उतरला, तर ते वन-के आहे. नीट सुकलेलं टू-के जागचं हलत नाही. हे एकदाच करा आणि लपलेल्या जागीच करा.

जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं. हे काम धंदा म्हणून करणार असाल तर बफिंग मशीनच्या आधी ते घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याची मर्यादा समजून घ्या. साधं मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, त्यात पुट्टी, प्रायमर, रंग, लॅकर सगळं आलं. १८० आकडा दिसला म्हणून खुश व्हायचं नाही, त्यातले १२० पुट्टी-प्रायमरचे असू शकतात. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही, त्याला खाली धातू लागतो. मग करायचं काय? स्वतः रंगवत असाल तर लॅकर मारायच्या आधी रंग सुकल्यावर पाच ठिकाणी माप घ्या, पॅनेलचा फोटो काढून त्यावर लिहून ठेवा. लॅकर सुकल्यावर त्याच पाच ठिकाणी परत मोजा. फरक म्हणजे तुमचं लॅकर. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्याच्याकडे हे पाच आकडे आहेत तो आंधळेपणाने घासत नाही.

आता खर्चाची बाजू. वॉटर पेपरवरचा नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, हे सगळ्यांना माहीत असतं. दाणा किती बारीक, हे फार कमी जणांना माहीत असतं. युरोपियन मापाप्रमाणे, म्हणजे पेपरमागे नंबरच्या आधी 'पी' अक्षर छापलेलं असतं त्यात, १००० नंबरच्या दाण्याचं सरासरी माप १८.३ मायक्रॉन, १५०० चं १२.६, २००० चं १०.३ आणि २५०० चं ८.४ आहे. दाणा पूर्ण रुतत नाही, त्यामुळे ओरखडा याच्यापेक्षा बराच उथळ असतो. पण अंदाज घ्या. तुमच्याकडे ५० मायक्रॉन आहेत आणि तुम्ही १८ मायक्रॉनचा दाणा त्यावरून शंभर वेळा ओढताय. सालीचे उंचवटे काढायचे, मग पेपरचे ओरखडे काढायचे, मग कंपाउंड, असं करत ढोबळमानाने १० ते १५ मायक्रॉन जातात. ५० मधून १५ गेले तर ३५ उरतात, उन्हापावसाला तोंड द्यायला ठीक आहे. ३० मधून १५ गेले तर उरलेल्या पातळ थरावर आपलं ऊन दोन-तीन वर्षांत काम दाखवतं. लॅकर आधी दुधाळ होतं आणि मग पपुद्रे सुटतात.

म्हणून रंग मारतानाच ठरवायचं असतं की नंतर घासणार आहे की नाही. घासणार असाल तर टू-केचे दोनऐवजी तीन थर द्या, प्रत्येक थरात डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. तिसऱ्या थराचा खर्च म्हणजे जेमतेम थोडं लॅकर-हार्डनर आणि अर्धा तास. तो वाचवून नंतर पॅनेल परत रंगवणं हा कुठला व्यवहार?

एक इशारा इथेच देतो. टू-के लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना ते फुप्फुसात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की मग थोडंसंही सहन होत नाही. कापडी मास्क किंवा रुमाल याला उपयोगाचा नाही. बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये, जिथे वर लोक राहतात आणि मुलं सायकल फिरवतात, तिथे टू-के फवारू नका. रंग घरी आणि लॅकर मात्र बूथ असलेल्या गॅरेजमधून मारून घेणं, हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. घासणं आणि पॉलिश मग तुम्ही घरी निवांत करा.

घाई नको, पण उशीरही नको

टू-के लॅकर साधारण एका दिवसात हाताळण्याइतकं सुकतं, पण घासायला कधी घ्यायचं ते त्या त्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दुकानदाराकडून ते मागून घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवतात. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री रंग हळू सुकतो, तेव्हा एक-दोन दिवस जास्त द्या. नखाची खूण उठत असेल तर थांबा. पेपरला लॅकर गोळ्या होऊन चिकटत असेल तरीही थांबा. उलट महिनाभर ठेवलं तर टू-के इतकं कडक होतं की त्याच कामाला दीडपट घाम लागतो. वन-केला मात्र महिनाभर विश्रांती द्याच. आतलं थिनर हळूहळू निघत राहतं आणि थर आक्रसतो. आज सपाट केलेली जागा पंधरा दिवसांनी परत खाली बसलेली दिसते.

पेपर आणि पाणी

पाण्यातला पेपर कुठून आला ही गंमत ऐका. पूर्वी गाड्यांचा रंग कोरडाच घासायचे आणि धुळीने कामगारांचा जीव जायचा. १९२१ साली अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने पाण्यात न विरघळणारा पेपर बाजारात आणला, फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाच्या शोधावर. पुढे त्याच कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण हा पेपर गॅरेजमध्ये तपासायला जायचा. तिथे दोन रंगांच्या गाड्या करताना चिकटवलेला कागद काढला की रंगही सोबत निघायचा. पेंटरचा वैताग बघून त्याने १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. म्हणजे आज तुमच्या एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात टेप आहे, दोन्ही एकाच प्रकारच्या गॅरेजमधल्या अडचणीतून निघालेल्या वस्तू. आपण व्यवसायाच्या बॅचमध्ये म्हणतो ना, ग्राहकाच्या दुकानात जाऊन उभे राहा, ते हेच.

"ड्यूको पेंट" हा शब्दही असाच आलेला. ड्यूको हे ड्यूपाँट कंपनीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर, १९२४ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आलं. आधी एक गाडी रंगवायला आठवडे लागायचे, ते काम या लॅकरने दिवसांवर आणलं. पण ते फवारल्यावर आपसूक चमकायचं नाही, रबिंग करावंच लागायचं. आपल्या गॅरेजमधली "रबिंग" ही भाषा त्या काळाची आहे. टू-के लॅकर मात्र फवारल्यावर आपणहून चमकतं, त्याला रबिंग फक्त दोष काढण्यापुरतं हवं. जुने मिस्त्री सवयीने प्रत्येक गाडी रबिंगला घेतात. तुम्ही घेऊ नका.

आता काम. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी शॅम्पूने धुवा. मग सगळ्या धारा, बॉडी लाइन, दिव्यांचे कोपरे यांवर मास्किंग टेप लावा, काठापासून साधारण बोटभर आत. तिथे आपण पेपर नेणारच नाही. शेवटी टेप काढून त्या जागा फक्त हाताने, ३००० नंबरने हलकेच पुसल्यासारख्या घ्यायच्या.

पाण्याकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात बारीक रेती असते, आणि १००० चा ओरखडा काढायला बसलेल्या माणसाला रेतीचा एक कण पुरेसा आहे नवा ओरखडा द्यायला. पाणी रात्री भरून ठेवा, वरचंच घ्या, फडक्यातून गाळून. दोन बादल्या ठेवा, एकीत पेपर धुवायचा, दुसरीतलं पाणी पॅनेलवर. दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका, पेपर सरकतो आणि गाळ चिकटत नाही. पेपर पंधरा मिनिटं आधी भिजत घाला, म्हणजे त्याचे काठ मऊ होतात. पेपर जमिनीवर पडला की तो पेपर संपला, उचलून वापरायचा नाही. वीस रुपये गेले तर जाऊ द्या.

पेपर नुसत्या बोटांनी कधी धरू नका. बोटांच्या दाबाचे चर पडतात, ओले असताना दिसत नाहीत, पॉलिश झाल्यावर उन्हात चार रेषा दिसतात. रबरी ब्लॉक घ्या. जुन्या स्लिपरच्या तळाचा सपाट कापलेला तुकडाही चालतो, कितीतरी मिस्त्री तोच वापरतात. पण ओघळ काढायला कडक ब्लॉक हवा, कारण मऊ ब्लॉक ओघळावर चढतो आणि शेजारचं लॅकरही घेतो. ओघळाच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, कडक ब्लॉकवर १००० किंवा १२०० घेऊन फक्त त्या फुगवट्यावर चालवा, टेपला पेपर लागायला लागला की थांबा. धुळीचा एखाददुसरा कण असेल तर छोट्या ब्लॉकवर २००० घेऊन फक्त तो कण घ्या. त्याच्यासाठी अख्खं बॉनेट घासायची गरज नाही, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी अख्खं बॉनेट घासतोच.

सालीसाठी १५०० ने सुरू करा. हलकी साल असेल तर थेट २०००. सरळ रेषेत, गोल गोल नाही. दहा-बारा हात झाले की रबरी वायपरने पाणी ओढा आणि बघा. या बघण्यातच सगळं काम आहे. घासलेले उंचवटे दुधी-मंद दिसतात, न लागलेले खळगे चमकदार ठिपके म्हणून दिसतात. ठिपके कमी होत जातात. नव्वद टक्के भाग मंद झाला, इथेतिथे बारीक ठिपके उरले, की थांबा. उरलेल्या दहा टक्क्यांच्या मागे लागलात तर त्या सगळ्यात खोल खळग्याच्या तळापर्यंत अख्खं पॅनेल खाली आणावं लागतं, म्हणजे सगळ्यात जास्त मायक्रॉन सगळ्यात कमी फायद्यासाठी जातात. कंपनीच्या नव्या गाडीवरही थोडी साल असतेच. उद्या कुठल्याही शोरूमच्या बाहेर उभ्या गाडीत ट्यूबलाइट बघा, पटेल.

वायपरने निघालेल्या पाण्याचा रंगही बघत राहा. पांढरट दुधाळ म्हणजे लॅकर. त्यात गाडीचा रंग उतरला म्हणजे लॅकर पार झालं, त्या क्षणी हात थांबला पाहिजे. सिल्व्हर किंवा कुठल्याही मेटॅलिकमध्ये रंगाला पेपर लागला की अॅल्युमिनियमचे कण खरवडतात आणि काळपट डाग पडतो. तो कुठल्याही पॉलिशने जात नाही, पॅनेल परत मारावं लागतं. लॅकर नसलेला साधा एकेरी रंग असेल तर मात्र पाण्यात रंग उतरणारच, तिथे घाबरायचं कारण नाही. आणि पांढरी गाडी? आपल्या पार्किंगमध्ये तर निम्म्या पांढऱ्याच. पांढऱ्या गाडीवर लॅकरचं पाणीही पांढरं आणि रंगाचंही पांढरं. तिथे ही खूण चालत नाही. पांढऱ्या गाडीवर मीटरचे आकडे हाच आधार, ते नसतील तर १५०० ला हात न लावता २००० वरच राहा.

१५०० नंतर २०००, मग ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधी उभं, मग आडवं, म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. नंबर बदलताना पॅनेल, ब्लॉक, हात सगळं धुवा, बादलीतलं पाणी बदला. ३००० ला वेळ जास्त द्या. इथे दिलेली दहा मिनिटं मशीनची अर्धा तास उष्णता वाचवतात. गाळ सोसायटीच्या फरशीवर सुकू देऊ नका, तो पांढरा डाग घासून निघत नाही आणि पुढच्या वेळी सेक्रेटरी पार्किंगमध्ये काम करू देणार नाहीत.

आता मशीन

नवशिक्यांनी ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं, जे एकाच वेळी फिरतं आणि हलतं. हळू कापतं, पण जाळत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी लवकर काम करतं आणि लवकर जाळतं. रोटरी असेलच तर १२०० ते १५०० आरपीएमच्या वर जाऊ नका. लोकरीचा पॅड जास्त कापतो, फोमचा कमी. ३००० पर्यंत नीट घासलं असेल तर फोमवर भागतं.

कंपाउंडचे हरभऱ्याएवढे चार ठिपके पॅडवर, मशीन बंद असतानाच पॅड पॅनेलवर टेकवून पसरवा, मग चालू करा. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा. पॅड सपाट ठेवा, सतत हलता ठेवा. दर थोड्या वेळाने तळहात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर थांबून गार होऊ द्या. प्लास्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, त्यामुळे तिथे दर दोन-तीन फेऱ्यांनी थांबायचं. धारेवर मशीन न्यायचंच नाही, आणि धारेजवळ आलात तर पॅडच्या फिरण्याची दिशा पॅनेलकडून धारेच्या बाहेर जाणारी हवी, धारेवर आत चढणारी नको.

फरशी ओली आणि हातात विजेचं मशीन, हे लक्षात ठेवा. घासणं पूर्ण संपवा, फरशी कोरडी करा, मग मशीनची वायर आणा. पार्किंगमधल्या त्या प्लगला ईएलसीबी आहे का ते आधी विचारा. पायात रबरी तळव्याचे बूट.

कंपाउंडनंतर पॅनेल चकचकीत दिसतं. विश्वास ठेवू नका. कंपाउंडमधलं तेल बारीक ओरखड्यांमध्ये भरून बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फडक्याने पुसा, मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. ओरखडे परत दिसले तर ते तिथेच होते. ही पुसणी टाळणाऱ्याची गाडी दोन धुण्यांनंतर परत जाळीदार दिसते आणि ग्राहक फोन करतो.

आणि हा धंदा करणार असाल तर

भाव काढताना पोरं पेपर आणि कंपाउंडचा खर्च धरतात, स्वतःचे तास अर्धे धरतात आणि जोखीम धरतच नाहीत. एक नमुना करू. आकडे मी समजा म्हणून घेतोय, तुम्ही तुमचे टाका. एका बॉनेटला घासायला तीन तास आणि मशीनला दीड तास, मिळून साडेचार. तासाला १५० रुपये धरले तर ६७५. पेपर, कंपाउंड, टेप, पॅडची झीज, ३५०. आता जोखीम: समजा २० बॉनेटमध्ये एक जळलं आणि ते परत रंगवून द्यायला तुम्हाला ३,५०० लागले. ३,५०० भागिले २०, म्हणजे प्रत्येक बॉनेटमागे १७५. हे सगळं मिळून १,२०० झाले, आणि अजून तुमच्या गाडीचं पेट्रोल, मशीनची किंमत, नफा काहीच धरलेलं नाही. १,५०० च्या खाली सांगितलं तर तुम्ही ग्राहकाच्या गाडीवर मोफत सराव करताय. समोरचा म्हणेल, "भाऊ, तो चौकातला ८०० मध्ये करतो." करू द्या त्याला. तो बहुतेक थेट कंपाउंड मारतो, साल तशीच राहते. दोन्ही कामं वेगळी आहेत हे ग्राहकाला ट्यूबलाइटखाली एक हातभर तुकडा करून दाखवा.

घरी रंगवलेल्या गाडीचं काम घेताना चार गोष्टी लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर मेसेज असला तरी चालेल: रंग कुणी मारला, वन-के की टू-के, लॅकरचे किती थर, कधी मारला. ग्राहकाला माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा आणि खाली लिहा की लॅकर पातळ निघाल्यास काम तिथेच थांबवू आणि झालेल्या कामाचेच पैसे घेऊ. कामाआधीचे फोटो त्याच चॅटमध्ये टाका. गाडीचा रंगच बदललेला असेल तर आरसीवर कोणता रंग आहे ते विचारा. आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि ती नोंद आरटीओमधून बदलून घ्यावी लागते. हे तुमचं काम नाही, पण आठवण करून दिली तर ग्राहक लक्षात ठेवतो.

मीटरवर लॅकर कमी दिसलं, किंवा स्प्रे कॅनचे दोनच हात मारलेत असं कळलं, तर घासायचं काम घेऊ नका. त्याला दुसरा पर्याय सांगा: पेपरने फक्त हलका दाणा देऊन, नीट साफ करून, वरून टू-केचे दोन थर गॅरेजमधून मारून घे, मग ये. आधी मात्र लपलेल्या कोपऱ्यात थोडं मारून बघायला सांगा, कारण कच्च्या वन-केवर टू-केचं थिनर बसलं की खालचा थर सुरकुततो. महिनाभर सुकलेल्या थरावर आणि पहिला हात अगदी हलका ठेवल्यावर हा धोका कमी होतो.

काम झाल्यावर महिनाभर ताज्या रंगावर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नका, लॅकरला श्वास घेऊ द्या. कडुनिंबाखाली गाडी लावत असाल तर पक्ष्यांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा, उन्हात ती लॅकरमध्ये उतरते. पुढच्या व्हिडिओत प्लास्टिकचा बंपर घेणार आहोत, तेव्हा कुणाकडे ओघळ आलेला जुना बंपर पडून असेल तर फेकू नका, सरावाला तोच सगळ्यात चांगला.